खोपोलीचा तळ आणि परमुलखाचे वर्तमान

खोपोलीस नाना फडणविसांनी बांधविलेला विस्तीर्ण तलाव आणि त्याच्या काठचे वीरेश्वराचे देवालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांपैकी थोड्यांच्याच मनात असा विचार येत असेल की, ज्या मुत्सद्द्याने घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाटसरूंसाठी ही पाण्याची सोय केली, त्याच्यावर चालून आलेली इंग्रजांची फौज १७८१ च्या उन्हाळ्यात याच मुलखात तळ देऊन बसली होती; आणि पुण्यात बसलेल्या त्या मुत्सद्द्याच्या हाती मद्रासेकडील, कलकत्त्याकडील व मुंबईकडील वर्तमान किती लवकर आणि किती खरेपणाने पोहोचते, यावर त्या फौजेचे भवितव्य तोफांइतकेच अवलंबून होते.

याच तलावाच्या पायऱ्यांवर झालेले एक संभाषण येथे देत आहे. बोलणाऱ्यांपैकी एक कर्जतच्या न्यायालयात उभे आयुष्य घालविलेले वकीलसाहेब, आणि दुसरे खालापूर तालुक्यातील एका शाळेत तीन पिढ्यांना इतिहास शिकवून निवृत्त झालेले गुरुजी. वकीलसाहेब हे त्यांचेच विद्यार्थी, परंतु मतभेदाच्या वेळी त्या नात्याचा आडपडदा दोघांपैकी कोणीही ठेवीत नाही. प्रश्न असा निघाला की, युद्धकाळी राज्याच्या धन्याला जगाचे वर्तमान कळविणाऱ्याने पाहिले-ऐकले तेवढेच कळवावे, की त्याचा अर्थही सांगावा?

वकीलसाहेब : गुरुजी, आमच्या पिंजऱ्यात साक्षीदार उभा राहिला म्हणजे त्याने डोळ्यांनी काय पाहिले आणि कानांनी काय ऐकले एवढेच सांगावयाचे असते, तो तर्क लढवू लागला की आम्ही तत्काळ उठून हरकत घेतो, कारण तर्क करण्याचे काम न्यायाधीशाचे आहे. राज्यकर्त्याच्या दरबारी येणारी बातमी ही साक्षच होय, आणि तीवर हजारोंचे प्राण टांगलेले असतात, म्हणून हा नियम तेथे अधिकच कडक असला पाहिजे. ज्याने बातमी आणावी त्यानेच तिचा निकालही द्यावा, ही व्यवस्था मला घातक वाटते.

गुरुजी : घरच्या मुलखातील युद्धापुरता तुमचा नियम मला मान्य आहे. येथून पालीच्या वाटेने चावणीस जा. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखान आपली मोगली फौज घेऊन कुरवंड्याच्या घाटाने उतरला आणि अंबेच्या खोऱ्यात, उंबरखिंडीत, सापडला. तो कोणत्या घाटाने उतरतो आहे, एवढी एकच बातमी शिवाजी महाराजांस पुरेशी होती. ती खिंड किती अरुंद आहे, कोणत्या टेकडीवरून बाण खिंडीत पोहोचतो, अडकलेल्या फौजेला पाणी कोठे मिळणार नाही, हे सारे त्यांना व त्यांच्या मावळ्यांना अगोदरच ठाऊक होते. म्हणून बातमीचा अर्थ बातमीबरोबरच कळला. खानाबरोबर रायबागन होती; परमानंदांच्या 'शिवभारता'त तिने त्याला खडसावून त्याची चूक सांगितल्याचे आणि शरण जाण्याचा सल्ला दिल्याचे वर्णन आहे. तोही अर्थच होता, मात्र फौज अडकल्यानंतर सांगितलेला. परंतु वकीलसाहेब, नानांनी पॅरिस पाहिले नव्हते, अमेरिकेच्या वसाहती पाहिल्या नव्हत्या. 'फ्रेंचांचा व इंग्रजांचा बिघाड झाला' एवढेच चार शब्द त्यांच्यापुढे कोणी ठेवले असते, तर त्या शब्दांचे वजन त्यांनी कोणत्या काट्यावर तोलावयाचे होते?

वकीलसाहेब : ज्या काट्यावर त्यांनी सेंट लुबिनला तोलले, त्याच काट्यावर! १७७७ मध्ये हा फ्रेंच गृहस्थ चौलास उतरला, फ्रान्सच्या बादशहाचा वकील म्हणून पुण्यास आला, दरबारी थाटाने त्याचे स्वागत झाले. त्याच्याजवळचा खरा अधिकार आणि त्याच्या तोंडची आश्वासने यांत जमीनअस्मानाचे अंतर होते. दूरदेशीचा अर्थ सांगावयास जो बसतो, तो पुष्कळदा असाच स्वतःचा माल खपवावयास बसलेला असतो.

गुरुजी : नानांनी त्याला ठेवून घेतले, त्याचे ऐकले, आणि पुढील वर्षी त्याची बोळवणही केली; त्याच्या भरवशावर त्यांनी एक पलटण हलविली नाही. पण त्याच वेळी पुण्यातील इंग्रजांचा वकील मॉस्टिन काय करीत होता ते पाहा. लुबिन दरबारी गेला, त्याचा मान झाला, हे त्याने पाहिले ते खरे; आणि त्यावरून मराठ्यांची व फ्रेंचांची युती झालीच, असा भयाचा सूर त्याच्या पत्रांतून मुंबईस व कलकत्त्यास गेला. हेस्टिंग्जने काल्पीहून आरपार हिंदुस्थान ओलांडून फौज पाठविली, तिच्या मुळाशी हे फ्रेंचांचे भय होते. म्हणजे पोकळ माणसाने ज्याला भूल घालावयाची त्याला ती पडली नाही, आणि जो नुसता पाहत होता तो भुलला.

वकीलसाहेब : मग हे माझेच उदाहरण झाले, गुरुजी. मॉस्टिनने पाहिले तेवढेच कळविले असते, तर कलकत्त्यास घाबरण्याचे कारण पडले नसते.

येथे गुरुजी काही वेळ गप्प राहिले. मलाही वाटले की वकीलसाहेबांनी बाजू मारली. परंतु गुरुजींचा स्वभाव असा की, एखादा मुद्दा हातचा गेला तर ते त्यास चिकटून बसत नाहीत; ते अधिक खोल पाण्यात शिरतात.

गुरुजी : बरे, मॉस्टिनचेच दुसरे प्रकरण घ्या. पुण्यात मोरोबा फडणविसांचा एक पक्ष आहे, तो पेशवाईवर हक्क सांगणाऱ्या रघुनाथरावदादांस अनुकूल आहे, त्यांना घेऊन फौज घाटावर आली की मोठमोठे सरदार येऊन मिळतील, ही बातमी मुंबईकरांजवळ होती. आणि १७७८ च्या पूर्वार्धात ती पुष्कळ अंशी खरीही होती. त्याच पावसाळ्यात मोरोबा कैदेत पडले आणि त्यांचा पक्ष मोडला. तरी नोव्हेंबरात मुंबईची फौज निघाली. सुमारे ३,९०० माणसे आणि १९,००० बैल, असा तो लटांबळा पनवेलहून आपल्या या खालापुरातून, या खोपोलीवरून, बोरघाट चढून गेला. माथ्यावरून कार्ल्यापर्यंतची चार कोसांची वाट चालावयास त्याला अकरा दिवस लागले. कार्ल्यास कप्तान स्टुअर्ट, ज्याला आपले लोक इष्टुर फाकडा म्हणतात, तो पडला. तळेगावास पोहोचले तर गाव ओस आणि जळलेला. एकही सरदार मिळावयास आला नाही. आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावास तह लिहून द्यावा लागला. आता सांगा, ही बातमी खोटी होती काय? साक्षीदाराने पाहिले तेच सांगितले होते. परंतु सहा महिन्यांपूर्वी पाहिलेले आज खरे आहे काय, हा प्रश्न साक्षीदाराला कोणी विचारला नाही, आणि केवळ साक्ष देणे एवढेच आपले काम असे मानणाऱ्याने तो स्वतः उपस्थित करण्याचे कारण नाही.

वकीलसाहेब : तो प्रश्न उलटतपासणीचा आहे, मत देण्याचा नव्हे. साक्षीवर तारीख असली पाहिजे, ती कोणाकडून कळली हे असले पाहिजे, पाहिलेली की ऐकलेली हे असले पाहिजे. इतके असल्यावर शिळी साक्ष आपोआप शिळी दिसते.

गुरुजी : याविषयी आपल्या जुन्या दप्तरांचा मला अभिमान वाटतो. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त पटवर्धनांच्या घरचा जो पत्रव्यवहार छापला आहे, तो विद्यार्थ्यांपुढे उघडून मी पुष्कळ वेळा दाखवीत असे. छावणीतून लिहिणारा मनुष्य प्रथम 'श्री' घालतो, दंडवताचा मायना लिहितो, मग 'इकडील वर्तमान' सांगू लागतो. कोणता सरदार कोठे उतरला, धारण काय आहे, दाण्यावैरणीची ओढ किती, हे एका सुरात चालते. त्यातच बाजारात उठलेली आवई असेल तर ती आवई म्हणूनच येते, जासुदाने सांगितलेले जासुदाच्या तोंडचे म्हणून येते, आणि शेवटास चंद्राची तारीख पडते. काही गोष्ट खाशांच्याच कानी घालावयाची असेल तर तिची पुरवणी निराळी. लिहिणारा मोठा मुत्सद्दी असतो असे नाही. साधा कारकून असतो. पण आपण सांगतो आहोत ते कितपत पक्के आहे, हे सांगितल्याखेरीज सांगणे पुरे होत नाही, हा संस्कार त्याच्या बोटांत उतरलेला असतो.

वकीलसाहेब : मग आपला वाद कोठे राहिला? मी म्हणतो ते हेच.

गुरुजी : वाद पुढे आहे, आणि तो खोपोलीचाच आहे. १७८१ च्या फेब्रुवारीत जनरल गॉडर्डने बोरघाट घेतला. वसई अगोदरच पडली होती. माथ्यावर त्याच्या तोफा आणि पायथ्याशी या गावात त्याची छावणी, ज्याला त्यांच्या कागदांत कॅम्पोली म्हणून लिहिले आहे. पुणे तेथून दोन-तीन मजलांवर. कोणाही सामान्य कारभाऱ्याने या एका बातमीने घाबरून तहाला हात पुढे केला असता. आणि गॉडर्डचीही अपेक्षा तीच होती, कारण घाटावर बसल्या बसल्या त्याने तहाचेच बोलणे लाविले. आता नानांच्या पुढ्यात पडलेले इतर कागद मनात आणा. हैदरअल्ली १७८० च्या जुलैत कर्नाटकात उतरला. १० सप्टेंबरास पोल्लिलूर येथे कर्नल बेलीची सबंध तुकडी त्याने बुडविली. ही बातमी हैदराच्या दरबारातील पेशव्यांच्या वकिलांकडून आणि हैदराबादेकडून पुण्यास येत होती. कलकत्त्यास लाला सेवकराम बसला होता. त्याच्या पत्रांतून तिकडील कौन्सिलची हालचाल कळत होती. फ्रान्सशी इंग्रजांचे युद्ध १७७८ पासून चालूच होते. यांतील प्रत्येक कागद निराळा ठेवला तर घाटावरची फौज तेवढी डोळ्यांत भरते. परंतु ते एकापुढे एक मांडले की निराळेच चित्र उभे राहते : ज्याला मद्रासेकडे आग विझवावयाची आहे तो येथे तहाची घाई करतो आहे, म्हणून त्याची घाई हीच त्याची अडचण. नानांनी हैदराला सोडून तह करण्याचे नाकारले. हरिपंत फडके, तुकोजी होळकर, परशुरामभाऊ पटवर्धन यांनी पनवेल ते खोपोली ही रसदेची वाट तोडीत ठेवली. एप्रिलच्या २० तारखेच्या सुमारास गॉडर्ड घाट उतरला, खालापूर, चौक असे तळ करीत, मागून मराठ्यांचे सतत हल्ले झेलीत, २३ तारखेस पनवेलीस पोहोचला. ४६६ माणसे ठार व जखमी, त्यांत १८ गोरे अंमलदार. वकीलसाहेब, या मांडणीला तुम्ही काय म्हणाल? ही साक्ष नव्हे. हा अर्थ आहे, आणि त्यावाचून ती साक्ष निव्वळ कागदांची थप्पी होती.

वकीलसाहेब : मी त्याला न्यायाधीशाचा निकाल म्हणेन, आणि तो नानांनी स्वतः दिला हेच माझे म्हणणे! सेवकरामाने कलकत्त्याचे लिहिले, श्रीरंगपट्टणवाल्याने हैदराचे लिहिले; घाटाचे आणि मद्रासेचे नाते कोणीही बातमीदाराने जोडले नाही, ते वाचणाऱ्याने जोडले. गुरुजी, १९४१ चा वसंत घ्या. चर्चिलने लंडनमध्ये असा आग्रह धरला होता की, शत्रूच्या फोडलेल्या सांकेतिक तारा आपल्यापुढे मूळ स्वरूपात याव्यात, कोणी त्यांचे सार काढून आणू नये. मार्चअखेर तशी एक तार आली : जर्मनांच्या तीन चिलखती डिव्हिजन बुखारेस्टकडून क्राकोकडे निघाल्या होत्या, आणि बेलग्रेडमध्ये राज्यक्रांती होताच त्या परत वळविल्या गेल्या. त्या एका तारेवरून त्याने ताडले की हिटलरचा खरा रोख रशियाकडे आहे. आणि त्याच मार्चमध्ये मॉस्कोत काय झाले? लष्करी हेरखात्याचा मुख्य गोलिकॉव्ह याने २० तारखेस अहवाल दिला. जर्मन चढाई कोणत्या दिशांनी होईल याची त्यात आलेली एक मांडणी पुढे घडले त्याच्या फार जवळची होती. परंतु शेवटी त्याने आपला निष्कर्ष जोडला की, अशा अफवा इंग्रजांच्या, किंबहुना जर्मनांच्याच, हेरखात्याने पसरविलेल्या समजाव्यात. २२ जूनला चढाई झाली. वर्तमान बरोबर, अर्थ चूक. आणि त्या चुकलेल्या अर्थाखाली बरोबर वर्तमान गाडले गेले.

या युक्तिवादाने मी खरोखर हललो. त्या अहवालाचा मसुदा लिहिणारे जे कोणी अधिकारी असतील, त्यांनी जिवावर उदार होऊन मिळविलेल्या बातम्या ओळीओळीने उतरवाव्यात आणि शेवटच्या परिच्छेदात त्यांच्यावरच पाणी सोडावे, यासारखी शोकांतिका दुसरी कोणती असेल!

गुरुजी : तुम्ही उदाहरण उत्तम आणलेत, पण त्याचे मूळ तुम्ही अर्ध्यावर सोडलेत. गोलिकॉव्हने तो निष्कर्ष का जोडला? त्याच्या धन्याला कोणते उत्तर ऐकावयाचे आहे हे त्याला माहीत होते म्हणून. स्टालिनलाही तुमच्या चर्चिलप्रमाणेच अर्थ आपला आपण लावण्याची हौस होती. टोकियोहून सोर्गेने धाडलेले इशारे त्याने धुडकावले ते स्वतःच्याच अकलेवर भरवसा ठेवून. म्हणजे दोघेही मूळ कागद वाचणारे, एक तरला आणि दुसऱ्याने लक्षावधी माणसे गमावली. तेव्हा रोग अर्थ सांगण्यात नाही. ज्या दरबारात कडू अर्थ सांगणाऱ्याची मान सुरक्षित नाही, त्या दरबारातला गोड अर्थ हा रोग आहे. तुम्ही त्यावर औषध म्हणून माणसाला मुकेच करू पाहता.

वकीलसाहेब : आणि १९६२ चे चीनशी युद्ध? तेथे कोणाची मान धोक्यात नव्हती. आपल्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख मलिक हे २ नोव्हेंबर १९६१ च्या दिल्लीतील बैठकीत पंडितजींच्या समोर होते. पुढे चौक्या ठोकल्या तर चिनी बळाचा वापर करणार नाहीत, हा त्या विभागाचा तर्क धोरणाच्या पायात घातला गेला. बातमी आणणारा आणि सल्ला देणारा एकच झाला म्हणजे काय होते, हे त्या डोंगरांत आपल्या जवानांनी प्राण देऊन दाखविले. यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून सह्याद्री सोडून हिमालयाकडे धावावे लागले ते त्यानंतर.

गुरुजी : (बराच वेळ थांबून) त्या घटनेविषयी मी कधीही शांतपणे बोलू शकत नाही. वर्गात तो धडा आला की माझा आवाज चढत असे. पण तेथेही माझे म्हणणे असे की, एकच तर्क होता आणि त्याच्या विरुद्ध दुसरा तर्क मांडावयास समोर कोणी नव्हते. नानांच्या बाबतीत कलकत्ता एक सांगे, हैदराबाद दुसरे सांगे, श्रीरंगपट्टण तिसरे सांगे, आणि प्रत्येक वकील आपले मत लिहीत असे. तो लिहीत असे म्हणूनच त्याचा कल कोणीकडे आहे हे नानांना कळे. हैदराच्या दरबारी बसलेला मनुष्य हैदराची तळी उचलणार, हे त्याच्या मतावरून दिसते, त्याच्या नुसत्या बातमीवरून दिसत नाही. मत पुसून टाकलेत तर कल नाहीसा होत नाही. तो कोणती बातमी लिहावी आणि कोणती गाळावी यात लपून बसतो, आणि तेथे तुमची उलटतपासणीही त्याला पोहोचत नाही.

मला वाटते, सबंध संभाषणात याहून मोलाचे वाक्य दोघांपैकी कोणी उच्चारले नाही. बातमी निवडणे हाच पहिला अभिप्राय होय. हजार गोष्टींतून धन्याच्या कानी घालावयाच्या पाच गोष्टी जो निवडतो, त्याने तोंडाने मत दिले नाही तरी ते दिल्यासारखेच असते. वकीलसाहेबांनाही हे लागले असावे, कारण त्यांनी विषय सोडला नाही, पण बाजू बदलून नवीन जागी उभे राहिले.

वकीलसाहेब : मत लिहू द्या, निराळ्या पुरवणीवर लिहू द्या, इतके मी मान्य करतो. परंतु अर्थ लावण्याच्या नादात इतिहासकारही कसे वाहवतात ते सांगतो. सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजी महादजींच्या मध्यस्थीने ठरला. नानांनी त्यावर मान्यतेची मोहोर लवकर केली नाही. ती डिसेंबरच्या २० तारखेस केली. हैदर वारला ७ डिसेंबरास, चित्तूरच्या बाजूला. पुष्कळ लेखक सांगतात की, हैदराच्या मृत्यूची बातमी पुण्यास पोहोचली आणि नानांनी ताबडतोब मोहोर उठविली. आता तपासा. टिपू त्या वेळी मलबारात होता. तो येईतो त्याच्या बापाचा मृत्यू लष्करापासून लपविण्यात आला होता, प्रेत पेटीत घालून खजिन्यासारखे हलविले होते. जी गोष्ट खुद्द हैदराच्या शिपायांस ठाऊक नव्हती, ती हजार किलोमीटरांच्या घरातील वाट तुडवून तेरा दिवसांत पुण्यास आली, आणि तीही इतकी पक्की की तीवर राज्याची मोहोर उठावी? रोज पाऊणशे किलोमीटर चाल झाली ही! यास पुरावा कोणता?

गुरुजी : डाकेच्या टप्प्यांवर जासूद बदलत गेले तर ती चाल अशक्य नाही. आणि लपविलेली गोष्ट शिपायांपासून लपविली होती. दरबारात ज्याचे डोळे महिनोन्महिने रुळले आहेत अशा वकिलापासून ती लपते असे मला वाटत नाही. तंबूच्या दाराशी कोण उभा आहे, आत कोण जातो, कोणता कारभारी आज मुजऱ्यास बाहेर आला नाही, टिपूकडे सांडणीस्वार अवेळी का सुटला, हे तो रोज पाहतो.

वकीलसाहेब : पाहतो हे खरे. पण 'हैदर वारला' असे त्याने लिहिले असेल, तर ते पाहिलेले नव्हे; तो त्याचा तर्क होता.

गुरुजी : तर्कच होता. आणि नाना त्या तर्कासाठी सात महिने थांबले होते.

वकीलसाहेब : ते पत्र दाखवा, म्हणजे मी मानतो.

गुरुजी : दप्तरात असे कितीतरी रुमाल अद्याप नीट वाचून व्हावयाचे आहेत. मोडी येणारी चार पोरे मला द्या, मी शोधावयास बसतो.

वकीलसाहेबांनी यावर वाद केला नाही. कर्जतकडे जाणाऱ्या गाडीची वेळ झाली होती. ती चुकवून ते पुन्हा पायरीवर बसले आणि त्यांनी विचारले, हैदराच्या दरबारातून पुण्यास येणाऱ्या डाकेचा मार्ग कोणता, टप्पे कोठे कोठे होते, आणि एखाद्या जुन्या पत्रावर निघाल्याची व पोहोचल्याची अशा दोन्ही तारखा सापडतात काय.